रात्रपाळी

परवा शेजारची एक कॉलेजात जाणारी मुलगी वार्षिक अंकासाठी माझी मुलाखत घ्यायला आली. चहा झाला, चिवडा झाला, आणि मग वही उघडून तिने विचारले, "आजी, तुमचं प्रेरणास्थान कोणतं?"

अशा प्रश्नावर लेखकाने खिडकीबाहेर पाहायचे असते. मीही पाहिले. पिंपरीत खिडकीबाहेर काय दिसणार? समोरच्या गच्चीतले वाळत घातलेले कपडे! देहू जवळच आहे. तुकोबांचे नाव घेतले असते तर मुलगी खूश झाली असती आणि ते खोटेही ठरले नसते. पण तोंडून निघून गेले, "बुरशी."

तिने पेन खाली ठेवले.

माझे आप्पा इथल्या पेनिसिलीनच्या कारखान्यात होते. १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या दुखण्यात होत्या, तेव्हा हे औषध विमानाने आणवावे लागले होते. (गांधीजींनी ते टोचू दिले नाही, ही गोष्ट वेगळी.) त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५४ साली, पिंपरीच्या माळावर हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा त्याला हातभार होता.

फ्लेमिंगची कथा सर्वांना ठाऊक असते. १९२८ साली तो सुट्टीवरून परतला आणि बशीत बुरशी उगवलेली दिसली. आम्हां लेखकांना हे चित्र फार आवडते. आपण हवा खायला जावे आणि मागे बशीत कविता उगवावी! त्या बुरशीचे औषध करायला पुढे फ्लोरी, चेन आणि त्यांच्या साथीदारांना किती खपावे लागले, ते मात्र कुणी सांगत नाही.

आप्पांकडून मी ऐकली ती त्या खपण्याची बाजू. उंच, बंद टाक्या. आत मक्याचे पाणी आणि साखर. बुरशीला हवा हवी, पण जंतू गाळून काढलेली. ऊब हवी, पण मोजून, पंचवीस अंशांच्या आसपास. ढवळणे अखंड. फेस चढला तर वरून तेल. असे लाड पाच-सहा दिवस करायचे आणि तेवढ्यात एखादा परका जंतू आत शिरला, तर केलेले सगळे पाण्यात. आप्पा रात्रभर तबकड्यांवरचे काटे पाहत हिंडत आणि आकडे वहीत उतरवत. घरी आई बुरशी आलेला पाव टाकायला निघाली, की म्हणत, "अगं, आधी नमस्कार कर, मग टाक!"

माझी पहिली कथा छापून आली, त्या सकाळी ते रात्रपाळी करून आले होते. कथेत नायिकेच्या वडिलांचे मरण मी तीन पाने रंगवले होते. आप्पांनी ते उभ्याउभ्याच वाचले.

"हे तू बघितलंयस का गं?"

"नाही. कल्पनेने लिहिलंय."

"असू दे. आमच्याकडे काटा न बघता आकडा लिहिता येत नाही. लिहिला तर माणसांना कळायचंही नाही. टाकीला कळतं." आणि ते आंघोळीला गेले.

मला इतका राग आला की वर्षभर मी त्यांना काही वाचायला दिले नाही. आता वाटते, ते एक वर्ष मी उगाच घालवले.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी रात्री उशाशी बसत असे. सलाईनच्या बाटलीकडे पाहताना त्यांचे ओठ हलत. नामस्मरण चालले असेल, असे मला वाटे. एका रात्री कान जवळ नेला, तर ते थेंब मोजत होते.

ती रात्र लिहायला मला अकरा वर्षे लागली. पावणेदोन पाने झाली.

मुलीने सगळे उतरवून घेतले, चपला घातल्या आणि दारातून वळून विचारले, "आजी, किती थेंब होते?"

"मिनिटाला बावीस," मी म्हटले.