चिंगीचं पोट

चिंगी आमच्याकडे आली तीच बिघडलेलं पोट घेऊन. उत्तर इंग्लंडात, हडर्सफील्डजवळ आम्ही राहत होतो. टाकून दिलेल्या फेरेटांना आपल्या परसात सांभाळणाऱ्या एका बाईंकडून तिला आणलं. वय वर्षाच्या आतलं, अंग लांबट, पाय आखूड, डोळ्यांवर काळसर पट्टा. पाहणाऱ्या मराठी माणसाला आधी मुंगूस आठवतं, पण तिचं खरं गोत पाणमांजराचं. वजन जेमतेम अर्धा किलो होतं आणि पाठीचा कणा हाताला लागत होता. ट्रेमधली शी हिरवट, बुळबुळीत, आणि तिच्यात राळ्याच्या दाण्यांएवढे पांढुरके कण. खाल्लेलं अंगी लागत नाही, तसंच बाहेर पडतं, याची ती खूण होती.

आधीच्या घरी तिला धान्याचा भरणा असलेली मांजराची स्वस्त बिस्किटं आणि वर दूध मिळत होतं. आमच्या शेजारचे म्हातारे लोकरीच्या गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फेरेट. सशांच्या बिळांच्या तोंडाशी जाळी लावायची, फेरेट आत सोडायची आणि घाबरून बाहेर उडी घेणारा ससा जाळ्यात धरायचा, ही त्या भागातली जुनी शिकार. त्यांचे वडील फेरेटांना दुधात कुस्करलेला पाव घालत. तिकडे सगळेच तसं करत, आणि फेरेट पातळच हगते असं सगळेच धरून चालत. म्हातारे मात्र ठाम होते. म्हणाले, "तिला ससा दे. हाडकांसकट, केसांसकट."

व्हेटनं कारण समजावलं. फेरेटचं आतडं फार आखूड असतं. सशाच्या पोटात चोथा आंबवायला जी पिशवी असते ती हिच्यात नाहीच. तोंडात गेलेला घास तीन-चार तासांत बाहेर. एवढ्या वेळात पचतं ते मांस आणि चरबी; भात, पोळी, भाजी, फळ यांच्यातलं फारसं काही हाती लागत नाही. कोरडं खाणं द्यायचं तर त्यात निदान 35 टक्के प्रथिनं, 20 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश आणि चोथा 3 टक्क्यांच्या आत हवा, आणि ती प्रथिनंही मांसाची. वाटाण्याची, मक्याची नव्हेत. शिवाय पोट इतक्या लवकर रिकामं होतं की वाटी दिवसभर भरलेली लागते.

आमच्या घरात तोवर अंडंही शिजलं नव्हतं. गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीजर घेतला. त्यात कोंबडीचे पंख, काळीज, ससा, आणि एका दिवसाची गोठवलेली पिल्लं. अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्यांच्या जातीतली नर पिल्लं कुणाला नको असतात. ती जन्मताच मारतात आणि ससाणे, घुबडं, फेरेट पाळणाऱ्यांना विकतात. ती पिवळी पिल्लं पहिल्यांदा वितळवायला काढली तेव्हा मला रडू आलं होतं. पण चिंगीला शाकाहारी करणं म्हणजे तिला उपाशी मारणं. ज्याला हे हातानं करवणार नाही त्यानं फेरेट पाळू नये, असं मी आजही विचारणाऱ्याला सांगते.

नुसतं मांस देऊन काम भागलं नाही. काय खायचं आणि काय नाही, हे फेरेटच्या मनात पहिल्या सहा महिन्यांतच पक्कं होतं. चिंगीला मांस हे अन्न आहे हेच ठाऊक नव्हतं. पिल्लू पुढे ठेवलं की हुंगायची आणि बिस्किटांच्या वाटीकडे वळायची. मग कोंबडीची चरबी बिस्किटांना चोळली, पुढे खिम्याचा कण, मग मोठा तुकडा. घाईनं बदललं असतं तर पोट आणखी ढासळलं असतं. एका संध्याकाळी पंखाचं हाड कडाकडा फुटल्याचा आवाज आला आणि नवरा, लेक आणि मी, तिघंही स्वयंपाकघरात धावलो. चिंगी तो पंख ओढत सोफ्याखाली घेऊन गेली. तिथेच तिचं कोठार झालं. रोज झोपण्याआधी ते उपसायचं काम लेकीचं.

सासूबाई साताऱ्याहून उन्हाळ्यात आल्या. त्यांच्या घरी मांजर दूधपोळीवर वाढलेलं. "अगं, पोट नाजूक आहे म्हणतेस तर दहीभात दे की थोडा." मी म्हटलं, "आई, तिला तो पचतच नाही." त्या गप्प बसल्या आणि चार दिवस नुसतं बघत राहिल्या. पाचव्या दिवशी सोवळ्याओवळ्याचं बघणाऱ्या त्याच बाई सकाळी ट्रेपाशी वाकून मला हाक मारत होत्या, "आज घट्ट झालीय गं, ये बघायला!" पुढे दर फोनवर नातीच्या आधी चिंगीच्या पोटाची चौकशी. हिरवी, बुळबुळीत दिसली तर सावध व्हायचं. काळी, डांबरासारखी म्हणजे आत रक्तस्राव, तडक व्हेटकडे. खाणं सोडून कळ काढत बसली तर रबर गिळलंय का पाहायचं. हे सगळं त्यांना पाठ होतं. चपलांचे रबरी पट्टे, खोडरबर, रिमोटची बटणं घरभर उंचावर गेली, कारण रबर कुरतडण्याचा फेरेटांना भारी नाद आणि तोच तुकडा आतड्यात अडकून जीव घेतो.

चिंगी किलोला जरा कमी इतकी भरली. अंगावर तकाकी आली. दिवसातले चौदा-पंधरा तास झोपून उरलेल्या वेळात पाठीची कमान करून, आडव्या उड्या मारत, कुकुक असा आवाज काढत ती घर डोक्यावर घ्यायची.

सहाव्या वर्षी ती मधेच थांबून शून्यात बघू लागली. मागचे पाय लटपटायचे, तोंडातून लाळ गळायची. स्वादुपिंडात गाठी होत्या. त्या इन्सुलिन सोडत राहतात आणि रक्तातली साखर कोसळते. लहानपणीच्या पिठूळ खाण्याचा यात वाटा असावा, असा माझा संशय आहे. तो सिद्ध करता येणार नाही. स्टिरॉइडचं औषध सुरू झालं आणि दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, कोंबडीचं पातळ वाटण. नवरा आणि मी पाळ्या लावल्या. कधी शुद्ध हरपलीच तर हिरड्यांना मध चोळायचा आणि लगेच मांस भरवायचं. मनुका, केळं, गोड काहीही जिला आम्ही कधी लागू दिलं नाही, तिच्यासाठी मधाची बाटली ओट्यावर कायम तयार असे. शेवटपर्यंत ती माझ्या बोटावरून वाटण चाटत होती, आणि ट्रेमध्ये पोटाची तक्रार नव्हती.

ती गेल्यावर पुढच्या वसंतात फेरेटची दोन पिल्लं आणली, दोन्ही नर. आल्या आठवड्यातच त्यांच्यापुढे ससा, कोंबडी, बदक, काळीज, मान, जे मिळेल ते थोडं थोडं मांडलं. लेकीनं फ्रीजरच्या दारावर कागद चिकटवला आहे. कुणी काय चाखलं त्याच्यासमोर ती खूण करते.