भरपाई

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले आणि शहराची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर तेथील एका कापड दुकानाचे शटर उघडले, तेव्हा आत गुडघाभर गाळ होता. चातुर्मास चालू होता, पर्युषण तोंडावर आले होते. वृद्ध पिता दारात खुर्ची टाकून बसले. मुलगा एकेक गठ्ठा बाहेर आणून टाकीत होता.

दुकानाचा विमा होता, हा सर्वांना मोठा दिलासा वाटला. तो फार टिकला नाही. दुकानात माल वीस लाखांचा होता. हप्ता वाचावा म्हणून विमा मात्र वर्षानुवर्षे दहा लाखांचाच उतरवला जात होता. नुकसान सोळा लाखांचे झाले. मुलाच्या हिशेबी दहा लाख तरी पदरात पडायला हवे होते. सर्व्हेअरने शांतपणे सांगितले की निम्म्या मालाचा विमा असेल, तर नुकसानही निम्मेच भरून मिळते; उरलेल्या निम्म्याचे विमेदार तुम्ही स्वतःच. म्हणजे आठ लाख, आणि त्यातूनही थोडी वजावट. नियम कठोर वाटतो, पण अन्याय्य नाही. ज्या जोखमीचा मोबदला कोणी घेतलाच नाही, ती त्याच्या माथी कशी मारावी?

हा व्यवहार आपल्या पेढ्यांना परका नव्हता. पूर्वी जहाजाने माल धाडणारे व्यापारी जोखमी हुंडी लिहीत. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत. गलबत बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसेही बुडत. त्या जोखमीचा मोबदला तो हुंडीच्या किमतीतच आधी वळता करून घेई. विम्याचे पहिले तत्त्व मात्र याहून नीट समजून घेण्याजोगे आहे. आपत्तीच्या आदल्या क्षणी माणूस जेथे होता, तेथे त्याला परत नेऊन ठेवायचे. त्याच्या पुढे एक पाऊलही नाही. म्हणून विक्रीची किंमत मिळत नाही आणि होऊ घातलेला नफाही मिळत नाही.

खरी अडचण येथेच उभी राहिली. माळ्यावर तीन वर्षे न खपलेल्या साड्यांचे गठ्ठे होते. तेही भिजले होते. एक परिचित हलक्या आवाजात म्हणाला, “शेठ, पाण्यानं सगळं सारखंच करून टाकलंय. नवं काय नि जुनं काय, कोण ओळखणार? ताज्या मालात धरा.” मुलगा गप्प राहिला. बँकेचे कर्ज डोक्यावर होते, दिवाळीचा माल भरायचा होता, दोन नोकरांचा पगार थकला होता. लबाडी करण्याची त्याची वृत्ती नव्हती. पण वर्षानुवर्षे हप्ते भरूनही निम्मेच मिळत असल्याचा सल मनात होता, आणि असा सल माणसाला सबबी चांगल्या पुरवतो.

पित्याने सारे ऐकले होते. त्यांनी एवढेच विचारले, “तो माल पुरात गेला, की तीन वर्षांपूर्वीच गेला होता?”

त्या वर्षी स्थानकातील प्रवचनात अनाथी मुनींची कथा आली. उत्तराध्ययन सूत्रातली ही कथा बहुतेक घरांत ठाऊक असते. तरुण मुनी स्वतःला अनाथ म्हणवतात, तेव्हा राजा श्रेणिक सहज म्हणतो, मी तुमचा नाथ होतो. मुनी उत्तरतात की राजन्, तू स्वतःच अनाथ आहेस. मग ते आपली हकीकत सांगतात: कौशांबीतले श्रीमंत घर, डोळ्यांची असह्य वेदना, हात जोडून उभे राहिलेले वैद्य, सर्वस्व द्यायला तयार असलेला पिता. कोणाचेच काही चालले नाही. मुलाने ही कथा लहानपणापासून ऐकली होती. या खेपेस त्याचे लक्ष मुनींपेक्षा त्या पित्याकडे अधिक गेले.

दाव्याच्या कागदात जुन्या साड्या वेगळ्या लिहिल्या गेल्या, निकाली भावाने. रक्कम आणखी खाली आली. तो कागद भरून झाल्यावर मुलाला त्यात एक रकाना नसल्याचे जाणवले. आजोबांच्या हातची पहिली वही लगदा झाली होती. तिची किंमत कोठे लिहायची?

चालू उधारीची वहीही गेली होती. पित्याला काही नावे आठवत, आकडे आठवत नसत. आठवड्याभराने शेजारच्या खेड्यातली एक बाई आली. तिच्याही घरात पाणी शिरले होते. ओट्यावर टेकून ती म्हणाली, “अण्णा, माझ्याकडं साडेचारशे राहिलेत. आत्ता नाहीत, पण लिहून ठेवा.”

पित्याने नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर तिचे नाव लिहिले.