गुहेतलं वाघूळ आणि ओंडक्यावरचा उजेड

गोव्याच्या सीमेपलीकडे खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. तिथल्या एका वटवाघळाचं वर्णन ऑल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ साली केलं आणि त्याला रॉटन नावाच्या वनाधिकाऱ्याचं नाव दिलं. (नाव रॉटन, पण कुजण्याचं काम दुसऱ्याचं. त्याच्याकडे येतोच.) मोठे कान कपाळावर जुळलेले, शेपूट पडद्याबाहेर मोकळं. कित्येक दशकं हे वाघूळ जगात फक्त इथेच आहे असं मानलं जाई. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडलं. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि २०११ पासून भोवतालच्या रानाला भीमगड अभयारण्याचं.

गुहेत मी गेलेलो नाही. जाऊही नये.

दुसरा निशाचर मी पाहिला तो म्हादईच्या रानात, भर पावसात. टॉर्च बंद करून दहा मिनिटं उभे राहिलो, तेव्हा कुठे एका कुजक्या ओंडक्यावर फिकट हिरवट उजेड दिसू लागला. फोटोत दिसतो तसा झगझगीत नव्हे हं, कॅमेरा फार वेळ उघडा ठेवतात म्हणून तसं दिसतं. ही मायसेना कुळातली बुरशी. लाकूड कुजवत जगते आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने थंड प्रकाश देते.

दोघांनाही काळोख हवा, ओल हवी, आणि माणसाने हात लावू नये एवढं हवं. पण वाघळाचं घर दगडाचं. गुहा राखली की त्याचं निवाऱ्याचं काम झालं. बुरशी मात्र आपलं घरच खाते. एक ओंडका संपला की शेजारी दुसरा पडलेला हवा. म्हणजे झाडं म्हातारी व्हायला हवीत, पडायला हवीत, आणि पडलेली तिथेच राहायला हवीत. कायदा प्राण्यांबद्दल आणि वनस्पतींबद्दल बोलतो. बुरशी यांतली कुणीच नव्हे.

आमच्या कुळागरात व्हाळाच्या काठी एक फणस उन्मळून पडला होता. चार पावसाळे तसाच होता. चतुर्थीला पाहुणे येणार म्हणून मीच तो साफ करून घेतला. कुऱ्हाड चालवणारा गडी म्हणाला, "भाटकारानु, हे लाकूड जळायच्याही कामाचं नाही, कशाला काढतात?"

"बरं दिसत नाही," मी म्हटलं.

रात्री दिवा मालवून त्या फणसाकडे मी एकदाही गेलो नव्हतो.