होमिंगची पडताळणी

अनेक सीएनसी मिलिंग मशीन सुरू होताच त्यांचा प्रत्येक अक्ष होमिंग करून आपला शून्यबिंदू शोधतो. तो दरवेळी तिथेच सापडतो का, हे डायलने तपासतात. मॅग्नेटिक स्टँड स्पिंडल हेडला लावून डायल टेबलावरच्या ठोकळ्याला टेकवतात, काटा शून्यावर आणतात. मग टेबल दूर नेऊन पुन्हा होमिंग करतात आणि त्याच दिशेने त्याच जागी आणतात. दहा फेऱ्यांतल्या सर्वांत मोठ्या व लहान नोंदींतले अंतर म्हणजे होमिंगचा फरक.

नोंदी विखुरल्या तर लिमिट स्विचवरचा कीस, ढिले स्क्रू पाहावेत. फरक नेमका बॉलस्क्रूच्या एका फेऱ्याएवढा असेल, तर स्विच दाबणारा डॉग थोडा सरकवावा.

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांपुढे जातो. ५०० मिमी पोलादी स्क्रू १० अंशांनी तापला, की सुमारे ०.०६ मिमी वाढतो. म्हणून खानदेशातल्या कारखान्यांनी ही तपासणी सकाळी आणि भर दुपारी, दोन्ही वेळा करावी.