गॅस झाला असेल

हे लिहायचं की नाही, यात तीन शनिवार गेले. आज लिहूनच टाकतो.

गेल्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. शुक्रवारी रात्री रिलीज होतं. (शुक्रवारी रिलीज करू नये हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं, पण क्लायंटला कोण सांगणार!) अडीचच्या सुमारास प्रॉडक्शनवर पेमेंट अडकायला लागली. कॉलवर १४ माणसं, आणि बदल माझा. अचानक छाती आवळून आली. हातांना मुंग्या, तळव्यांना घाम आणि डोक्यात एकच, आपण मरतोय. रूममेटने बाईकवर घालून हॉस्पिटलात नेलं. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. ड्यूटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या, "हार्ट चांगलं आहे. ही पॅनिक अटॅकची लक्षणं दिसतायत. एकदा मानसोपचारवाल्यांना भेटून घ्या."

खरं सांगू? हार्टचं काहीतरी निघालं असतं तर बरं, असं क्षणभर वाटलं. निदान ऑफिसात सांगता तरी आलं असतं! सांगलीला घरी फोन करून "पित्त झालं होतं" असं सांगितलं. बाबा म्हणाले, "गॅस झाला असेल. ओवा खा."

मानसोपचार नको, मग काय? विपश्यना! ती सांगायला बरी वाटते. इगतपुरीच्या धम्मगिरीचा फॉर्म भरायला बसलो. त्यात मानसिक त्रास आहे का, होता का, असा प्रश्न आला. माउस 'नाही'वर गेलासुद्धा होता. टेस्ट केस फेल होत असताना रिपोर्टात 'पास' लिहिण्यासारखंच होतं ते. तो प्रश्न उगाच नसतो. दहा दिवस गप्प, स्वतःच्याच मनासमोर बसणं प्रत्येकाला प्रत्येक वेळी झेपेलच असं नाही. गंभीर मानसिक आजारात तर ते लोक स्वतःच नको म्हणतात. लॅपटॉप बंद केला आणि दुसऱ्या दिवशी एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली.

त्यांनी आधी शरीराचं गणित सांगितलं. पॅनिकमध्ये आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि चक्कर. लाट काही मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरते. म्हणजे सिस्टिम क्रॅश होत नसते, अलार्म चुकून वाजत असतो.

मग कागदावर तीन रकाने. अ म्हणजे घटना, ब म्हणजे तिच्याबद्दलचा माझा विचार, क म्हणजे परिणाम. आपल्याला वाटतं अ मुळे क होतो, पण मधला ब आपण वाचतच नाही. ही अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, १९५५ सालापासूनची. माझ्या ब मध्ये मी लिहिलं होतं, 'माझ्या कोडमध्ये चूक होताच कामा नये.' बाईंनी पेनाने 'होताच'मधल्या 'च'भोवती गोल काढला. "चूक होऊ नये, ही इच्छा झाली. ती चांगलीच आहे. हा 'च' कुठून आला?"

उत्तर आलं नाही. पण पुढचे चार महिने मी हे 'च' शोधत होतो. मेलमध्ये, अप्रेझलच्या फॉर्ममध्ये, स्वतःशी बोलताना. बग शोधायची सवय इथे कामाला आली म्हणायची!

डिसेंबरात क्लायंटकडे सुट्ट्या लागल्या, तेव्हा बाईंना विचारून आणि फॉर्मवर सगळं खरं लिहून इगतपुरीला गेलो. फोन जमा. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना बघत फिरायचं. संध्याकाळी जेवण नाही, फळं आणि चहा. मन शांत वगैरे झालं म्हणाल तर नाही. गुडघेच जास्त बोलत होते.

गोएंकागुरुजींची एक गोष्ट मात्र मनात राहिली. ते ब्रह्मदेशातले व्यापारी, भयंकर अर्धशिशी. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी आधी परत पाठवलं. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर नको, म्हणे. शेवटी पहिलं शिबिर केलं ते १९५५ सालीच. एलिसचंही तेच साल. आणि ऊ बा खिन कोण? ब्रह्मदेशचे महालेखापाल! हिशोबाचाच माणूस.

सहाव्या दिवशी, तासभर हलायचं नाही अशा बैठकीत, छाती पुन्हा आवळली. तोच घाम. उठावंसं वाटलं. बाईंनी विचार तपासायला शिकवलं होतं, इथे नुसतं बघायला सांगत होते. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी आधी आठवलं की हा अलार्म आहे, आणि मगच बघत बसता आलं. लाट आली, वर चढली, गेली. घंटा व्हायला अजून वेळ होता.

संक्रांतीला सांगलीला गेलो आणि जेवताना सगळं सांगितलं. हॉस्पिटल, बाई, रकाने. आईचा हात वाटीतच थांबला. बाबा काही बोलले नाहीत. रात्री गच्चीवर आले, कठड्याला टेकून उभे राहिले.

"मलाही व्हायचं असं," म्हणाले. "मार्च एंडिंगला. टॅली लागली नाही की. एकदा बँकेतच खाली बसलो होतो."

"मग?"

"मग काय? सगळे म्हणाले गॅस. मीही म्हटलं गॅस."

माणूस ३४ वर्षं बँकेत होता. मला तो तापट वाटायचा. मार्च महिन्यात आम्ही दोघं भावंडं घरात हळू चालायचो. त्याच्या ब मध्ये काय होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

यातून कुणाला सल्ला द्यावा एवढा मी मोठा नाही. मला अजूनही कधीतरी रात्री जाग येते. पण कुणी 'पित्त' म्हणून ढकलत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सेव्ह करून ठेवा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

बाबांनी जुन्या डायरीत तीन रकाने आखलेत. दाखवत नाहीत. परवा फोनवर सहज म्हणाले, "दुधाचा हिशोब दोन रुपयांनी चुकत होता रे."

"मग? सापडले?"

"नाही शोधले. झोपलो."