दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. साहजिकच फॉर्म भरण्याचे काम माझ्याकडे आले. गेल्या जूनमध्ये शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, म्हणून आण्णांबरोबर गेलो. जमीन किती? गुरे किती? खाणारी तोंडे किती? आण्णा चारचौघांत सांगत होते, सव्वा एकर कोरडवाहू, एक म्हैस, सहा माणसे. मी मात्र मान खाली घालून उभा होतो. आपली गरिबी अशी मोठ्याने मोजून दाखवावी लागते, याची मला लाज वाटली.

पुढे इतिहासाच्या सरांनी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर टिपण काढायला सांगितले. वॉशिंग्टन, यॉर्कटाउन आणि १७८३ चा तह एवढे लिहून मोकळे व्हायचे मी ठरवले होते. वाचता वाचता जोसेफ प्लंब मार्टिन नावाचा एक साधा शिपाई भेटला आणि टिपण बाजूलाच राहिले.

त्याचा जन्म १७६० चा, मॅसॅच्युसेट्समधल्या बेकेट गावचा. वडील धर्मोपदेशक, येल कॉलेजात शिकलेले. ‘प्लंब’ हे आईच्या माहेरचे नाव. तो लहानपणापासून आजोळी, कनेक्टिकटमध्ये वाढला. १७७६ साली, वयाची सोळा वर्षे पुरी होण्याआधीच, तो सैन्यात गेला. उपासमार सोसली, कडाक्याची थंडी सोसली. १७८१ मध्ये यॉर्कटाउनच्या वेढ्यात तो खंदक खणणाऱ्यांच्या तुकडीत होता. १७८३ मध्ये सुटला तेव्हा थकलेल्या पगाराबद्दल रोख रकमेऐवजी कागदी प्रमाणपत्रे हाती पडली.

मग मेनच्या किनाऱ्याकडे जाऊन त्याने जमीन कसायला घेतली. १७९४ मध्ये ल्युसी क्लूली हिच्याशी लग्न झाले. पण त्या भागावर जनरल हेन्री नॉक्स याने हक्क सांगितला. युद्धात वॉशिंग्टनचा तोफखाना सांभाळणारा तोच हा नॉक्स! १७९७ मध्ये निकाल नॉक्सच्या बाजूने लागला. जमिनीची किंमत मार्टिनला फेडता आली नाही, आणि हळूहळू जमीन गेली. ज्या देशासाठी खंदक खणले, त्या देशात त्याच्या नावावर शेत उरले नाही.

१८१८ च्या कायद्याने गरजू सैनिकांना पेन्शन मिळू लागली. शिपायाला महिना ८ डॉलर. १८२० मध्ये सरकारने आणखी पुरावा मागितला. प्रत्येकाने न्यायालयात जाऊन आपल्या मालमत्तेची यादी द्यायची. एकोणसाठ वर्षांच्या मार्टिनने सांगितले, जमीन नाही, उत्पन्न नाही. आहेत त्या दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर. बायको संधिवाताने आजारी, मुले पाच, आपल्याच्याने आता काम होत नाही.

ही यादी वाचली आणि मी पुस्तक मिटले. आण्णांचा आवाजच ऐकू आला.

पुढे सैनिकांच्या विधवांनाही पेन्शन मिळू लागली, तेव्हा लग्नाचा पुरावा हवा झाला. घरातल्या बायबलमध्ये जन्म-लग्नाच्या नोंदी करण्याची तिकडे रीत होती. कित्येक घरांनी ती पाने फाडून अर्जाला जोडली. ती आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. सरदारांच्या घराण्यांचा इतिहास लिहायला माणसे असतात. या गरिबांच्या घरांचा इतिहास मात्र त्यांच्या अडचणीनेच जपून ठेवला.

मार्टिन पुष्कळ वर्षे गावाचे दप्तर सांभाळणारा कारकून होता. दुसऱ्यांच्या नोंदी लिहिणाऱ्या त्या माणसाने १८३० मध्ये आपली हकीगतही छापली, पण पुस्तकावर नाव घातले नाही. १८५० मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. आज शिपायाच्या नजरेतून ते युद्ध पाहायचे तर त्याचेच पुस्तक उघडतात.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. रात्री जेवणानंतर वही काढून आण्णांना विचारले, “आज्याच्या बापाचं नाव काय? जमीन किती होती त्याची?”

आण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आता हे कुठल्या फॉर्मला लागतंय रं?”

“कुठल्याच नाही,” मी म्हणालो. “सांगा तुम्ही.”