अजब बंगल्यातील वऱ्हाडची जिनबिंबे

अकोल्याहून नागपूरकडे निघालेली गाडी मूर्तिजापूर सोडून बडनेऱ्याकडे धावू लागली, की खिडकीबाहेर कपाशीचे काळे रान दूरवर पसरलेले दिसते. मूर्तिजापूरची ओळख वऱ्हाडातील व्यापाऱ्यांना निराळी सांगावी लागत नाही. कापसाची पेठ म्हणून, आणि यवतमाळ व अचलपूर या दोन्ही दिशांना पूर्वी जाणाऱ्या ‘शकुंतला’ या अरुंद मार्गावरील गाडीचे जंक्शन म्हणून हे गाव तीनचार पिढ्यांच्या परिचयाचे आहे. मात्र याच तालुक्यातील राजनापूर खिनखिनी हे खेडे भारतीय जैन शिल्पाच्या अभ्यासात नावाने ओळखले जाते, हे फार थोड्या वऱ्हाडी कुटुंबांना ठाऊक असते. स्वातंत्र्यापूर्वी या गावच्या मातीतून जैन धातुमूर्तींचा एक संचय निघाला. राष्ट्रकूट काळ आणि त्याच्या मागचापुढचा काळ असा त्याचा काळ अभ्यासक सांगतात. म्हणजे त्यांतील कित्येक प्रतिमा हजार वर्षांहून जुन्या आहेत. हा संचय आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे.

अकोला जिल्ह्याचे धन नागपुरात कसे गेले, याचे उत्तर इतिहासात आहे. नागपूरचे संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल हे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. पुढे १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि नागपूर ही दोहोंची राजधानी झाली. त्यातच १८७८ च्या गुप्तधन कायद्याने असे बंधन घातले होते, की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी. अशा वस्तूंपैकी ज्या जतन करण्याजोग्या ठरत, त्यांची वाट साहजिकच प्रांताच्या राजधानीकडे वळे. नांगराच्या फाळाला लागलेली प्रतिमा मोडीच्या भावाने कासाराच्या भट्टीत जाण्याऐवजी काचेच्या कपाटात सुरक्षित राहिली, यात या व्यवस्थेचा मोठा वाटा आहे.

नागपूरकर या संग्रहालयाला ‘अजब बंगला’ म्हणतात, आणि हे नाव खोटे नाही. सिव्हिल लाइन्समधील त्या जुन्या इमारतीत पेंढा भरलेले प्राणी व पक्षी आहेत, शस्त्रे आहेत, आदिवासींच्या जीवनातील वस्तू आहेत, शिलालेख, ताम्रपट, चित्रे आणि पाषाणमूर्ती आहेत. सुटीच्या दिवशी येथे येणाऱ्या कुटुंबांची रीत ठरलेली असते. मुले प्राण्यांच्या दालनाकडे धावतात, तरुण मंडळी तलवारी व ढाली पाहण्यात रमतात, आणि वडीलधारी माणसे सावली व बाक शोधतात. मूर्तींच्या दालनातून बहुतेकांची पावले भरभर पुढे जातात. फलक वाचण्यापुरते थांबणारेही कमीच.

जैन कुटुंबाची पावले मात्र या दालनात एकाएकी मंदावतात. पद्मासनातील किंवा कायोत्सर्गातील जिनबिंब ओळखायला फलकाची गरज पडत नाही. आजी नकळत हात जोडते. कोणी पायांकडे पाहते, कारण पादत्राणे बाहेर काढलेली नसतात. लहान मूल विचारते, ‘इथे पक्षाल कोण करतो?’ प्रश्न साधा असला, तरी उत्तर देताना मोठ्यांची अडचण होते. येथे ना अभिषेक, ना अष्टद्रव्य, ना आरती. काचेला हात लावण्यासही मनाई. जे बिंब एके काळी पूजेसाठी घडले, ते आज क्रमांक आणि फलकासह उभे आहे. काही जणांना हे पाहून खंत वाटते. ‘हे आपल्या मंदिरात हवे होते’ असे उद्गारही निघतात.

या खंतीला जैन विचारात जागा आहे, तसा विसावाही आहे. नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव हे चार निक्षेप स्वाध्यायात वारंवार येतात. प्रतिमा ही स्थापना होय. पाहणाऱ्याच्या ठायी भाव असेल, तर स्थापना त्याला गुणांचे स्मरण करून देते. त्यासाठी पूजेचे तबक हाती असलेच पाहिजे, असे नाही. संग्रहालयात मौन पाळून, हात जोडून, शांतपणे दोन घटका उभे राहण्यास कोणाची आडकाठी नसते. आणि संग्रहालय एक गोष्ट अशी देते, जी गर्दीच्या देवालयात क्वचितच मिळते. प्रतिमा पुरेशी जवळून, अंगी, फुले वा मुकुट यांच्या आच्छादनाविना, निवांत पाहता येते.

पाहायचे कसे, हे मात्र घरातील जाणत्याने मुलांना सांगावे लागते. खांद्यावर रुळणाऱ्या जटा दिसल्या, की ते आदिनाथ. मस्तकावर सात फणांचे छत्र असले, तर पार्श्वनाथ. पाच फणा असल्या, तर बहुधा सुपार्श्वनाथ. आम्रलुंबी व बालक यांसह सिंहावर बसलेली देवी ती अंबिका, नेमिनाथांची यक्षी. मध्यभागी एक मोठे बिंब आणि सभोवती तेवीस लहान बिंबे असली, तर ती चौवीसी. आसनावर कोरलेले वृषभ, गज, अश्व, शंख यांसारखे लांछन ओळखण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. जुन्या प्रतिमांवर मात्र लांछन पुष्कळदा नसते, हेही त्यांना सांगावे. प्रत्येक तीर्थंकराचे लांछन कोरण्याची रूढी कालांतराने स्थिर झाली. यक्षयक्षींचेही तसेच. चोवीस स्वतंत्र जोड्या रूढ होण्यापूर्वी, सर्वानुभूती यक्ष आणि अंबिका ही एकच जोडी वेगवेगळ्या तीर्थंकरांच्या दोन्ही बाजूंना बसवीत. या यक्षाच्या एका हाती महाळुंग आणि दुसऱ्या हाती द्रव्याची थैली असते. दुकानातील गल्ल्यावर रोज बसणाऱ्या माणसाला त्या थैलीची मौज वाटल्यावाचून राहत नाही. पण तिची जागाही त्याने पाहावी. थैलीवाला यक्ष नेहमी बाजूला आणि आकाराने लहान असतो. मधले आसन अपरिग्रही जिनांचेच.

येथे एका गफलतीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. जैन धातुमूर्तींच्या ग्रंथांत ‘अकोटा’ हे नाव ठायी ठायी आढळते. अकोला जिल्ह्यात अकोट नावाचे तालुक्याचे गाव असल्याने वऱ्हाडी वाचकाला ते आपलेच वाटते. प्रत्यक्षात ते अकोटा बडोद्याजवळचे. १९५१ साली तेथे ६८ जैन धातुमूर्ती मिळाल्या आणि उमाकांत शाह यांनी १९५९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. अकोल्याचे भूषण अकोटा नसून राजनापूर खिनखिनी आहे. ते मिरवण्यास बडोद्याचे नाव उसने घ्यावे लागत नाही.

भूमीतून आलेल्या प्रतिमा आणि परंपरेने पूजेत असलेल्या प्रतिमा शेजारी ठेवून पाहिल्या, तर एक भेद चटकन ध्यानात येतो. पिढ्यानुपिढ्या ज्या प्रतिमेचा अभिषेक झाला, जिला अंगलूहण्याने रोज पुसले गेले, तिचे नाक, डोळे, ओठ झिजून गुळगुळीत झालेले असतात. क्वचित चेहऱ्याच्या जागी केवळ एक गोल उरतो. शतकानुशतके मातीखाली राहिलेल्या प्रतिमेवर हिरवट कळंक चढतो. कधी हात तुटतो, कधी प्रभावळ निखळते. पण मूर्तिकाराने मेणावर कोरलेली पापणीची रेघ पुष्कळदा शाबूत असते. मेणाचा साचा करून त्यावर मातीचे लेप द्यायचे, भाजून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत तापलेला रस ओतायचा, ही ओतकामाची रीत. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, म्हणून त्या साच्यातून दुसरी निघत नाही. झिजलेली रेघ परत येण्याचा मार्ग नाही. भक्तीच्या हातांनी चेहरा झिजला आणि विस्मरणाच्या मातीने तो राखला, हे सत्य श्रावकाला अंतर्मुख करणारे आहे. यात भक्तीला दोष नाही. झिजलेला चेहराही किती हातांनी ती सेवा केली याची साक्ष देतो. मात्र आज आपल्या हाती असलेल्या जुन्या प्रतिमेशी कसे वागावे, हा विचार त्यातून उभा राहतो.

कारण राजनापूर खिनखिनीच्या प्रतिमा ज्यांनी घडवून घेतल्या, ते लोक कोण होते, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर सुटत नाही. त्या काळच्या वऱ्हाडातील जैन समाजाची एक झलक मात्र दुसरीकडून मिळते. धक्कड कुळातील हरिषेण हे कवी चितोडहून कामानिमित्त अचलपुरास आले, आणि तेथे त्यांनी वि. सं. १०४४ मध्ये, म्हणजे इ. स. ९८८ च्या सुमारास, अपभ्रंश भाषेत ‘धम्मपरिक्खा’ हा ग्रंथ रचला. हजार वर्षांपूर्वी राजस्थानातून एक श्रावक कामासाठी वऱ्हाडात येतो आणि येथेच धर्मग्रंथ लिहून पूर्ण करतो. अमरावती, अकोला, अचलपूर येथील किती घरांची कहाणी या वळणाची आहे! पेढी घालण्यासाठी आलेली मंडळी येथलीच होऊन गेली.

हरिषेणांचे नाव उरले, कारण त्यांनी ते ग्रंथात लिहून ठेवले. प्रतिमांच्या बाबतीत हे काम पाठीमागचा किंवा आसनावरचा लेख करतो. संवत, तिथी, गण वा गच्छ, आचार्यांचे नाव, दात्याचे, त्याच्या पत्नीचे व पुत्रांचे नाव, असा मजकूर मध्ययुगीन प्रतिमांवर वारंवार आढळतो. शाह जीवराज पापडीवाल यांनी वि. सं. १५४८ मध्ये प्रतिष्ठित करवलेल्या प्रतिमा देशभरातील अनेक दिगंबर मंदिरांत आजही त्या लेखावरूनच ओळखल्या जातात. पाच शतके लोटली, तरी एका व्यापाऱ्याचे दान चार ओळींमुळे सिद्ध होते. व्यवहारात खतावणीचे मोल जाणणाऱ्या समाजाला या ओळींचे मोल पटवून देण्याची गरज नसावी.

तरीही त्याच ओळी आज घरोघरी पुसल्या जात आहेत. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत घरदेरासरातील किंवा गावच्या मंदिरातील पितळी प्रतिमा चिंचेने, लिंबाने, बाजारातल्या पावडरीने लखलखीत केल्या जातात आणि उथळ अक्षरे दर वर्षी थोडी थोडी नाहीशी होतात. जीर्णोद्धारात संगमरवरी नवी बिंबे येतात आणि जुनी पेटीत किंवा तळघरात जातात. मुले पुण्यामुंबईस गेल्यावर गावचे घर विकले जाते, त्यात पेटीही हलते. या वाटेवर मोडीवाला आणि जुन्या वस्तूंचा दलाल दोघेही उभे असतात. एकदा हातची गेलेली प्रतिमा कोणत्या गावची, कोणाच्या घरची, हे पुन्हा कोणी सांगू शकत नाही.

कायद्याने वाट दाखवून ठेवली आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. धातू व पाषाणाच्या जुन्या मूर्तींची पुरातत्त्व विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. नोंदणीमुळे वस्तूची मालकी सरकारकडे जात नाही आणि पूजाही थांबत नाही. परवान्याविना अशा वस्तूंचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. चोरी झाल्यास नोंद आणि छायाचित्र हाच शोधाचा मुख्य आधार असतो.

म्हणून अजब बंगल्याची भेट ठरविणाऱ्या कुटुंबाने ती सहलीपुरती ठेवू नये. इतर दालने मुलांनी आधी पाहून घ्यावीत, म्हणजे मूर्तींपाशी घाई होत नाही. दालनांची मांडणी वेळोवेळी बदलते, तेव्हा ‘राजनापूर खिनखिनीच्या जैन धातुमूर्ती’ असे नाव घेऊनच कर्मचाऱ्यांकडे चौकशी करावी. मुलांनी वहीत प्रत्येक प्रतिमेचे आसन, फणा, लांछन, परिवार यांची टिपणे घ्यावीत. घरी परतल्यावर तीच वही घरदेरासरापुढे उघडावी. प्रतिमा समोरून, मागून आणि आसनाच्या बाजूने टिपावी. लेखावर एका बाजूने तिरपा उजेड पाडला, की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. उंची मोजावी, ती कोठून आली याविषयी वडीलधाऱ्यांना जे आठवते ते तारखेसह लिहावे, आणि एक प्रत मंदिराच्या विश्वस्तांकडे द्यावी. चिंच आणि पावडर बाजूला ठेवून मऊ कोरड्या वस्त्राने पुसण्याचा नियम घरात करावा. पर्युषणातील एका दुपारी घरातील तीन पिढ्या मिळून हे काम सहज पुरे करू शकतात.